हरित संगणनाची मोजमापे : एक चिकित्सा

१

उद्योगसंस्थांच्या व्यवहारात संगणकाने जे स्थान मिळवले आहे, त्याचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झाला. संगणकामुळे कागद वाचतो, प्रवास वाचतो, मालाची ने-आण नेटकी होते, हे एक अंग. संगणक स्वतः वीज खातो, तो घडवताना धातू, पाणी व ऊर्जा खर्ची पडते आणि तो निकामी झाल्यावर त्याचा कचरा मागे उरतो, हे दुसरे. पहिल्या अंगाची वाखाणणी विपुल झाली आहे. दुसऱ्याची व्यवस्थित दखल घेण्यास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली काढलेल्या ‘एनर्जी स्टार’ योजनेपासून आरंभ झाला, असे मानण्यास हरकत नाही. त्या चिन्हाचे पहिले मानकरी संगणक आणि मॉनिटर हेच होते. त्या काळी प्रश्नाचे रूप साधे होते. यंत्र कचेरीतल्या टेबलावर डोळ्यांसमोर होते, त्याचा वीजवापर त्याच कचेरीच्या बिलात येत होता आणि कारकुनाने जाताना मॉनिटर बंद केला, तर त्याचा लाभ त्याच मालकाला मिळत होता.

पुढे हे चित्र पालटले. कामाचा मोठा भाग टेबलावरून डेटा सेंटरांत गेला आणि त्या व्यवस्थेला ‘क्लाउड’ असे नाव पडले. नावाचा परिणाम विचारांवर होतो तो असा. मेघ म्हटले की भाररहित, निराकार, आकाशस्थ अशी काहीतरी वस्तू मनात उभी राहते. प्रत्यक्षात ती वस्तू ऐरोली, महापे, रबाळे येथील भक्कम इमारतींत असते. तिच्यात लोखंड, तांबे, डिझेलची जनित्रे आणि अहोरात्र चालणारी शीतकरणाची यंत्रे असतात. वापरणारा एका जागी, खर्च दुसऱ्या जागी आणि धूर तिसऱ्या जागी, अशी फाळणी झाल्यावर डोळ्यांनी पाहण्याऐवजी आकड्यांवर विसंबणे अपरिहार्य झाले. हरित संगणनाचा इतिहास हा म्हणूनच बव्हंशी मोजमापांचा इतिहास आहे.

व्यापारी संस्थांनी कोणकोणते उपाय योजावेत, याच्या याद्या पुष्कळ उपलब्ध आहेत. त्यांची पुनरुक्ती करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. ज्या मापांच्या आधारे हे उपाय यशस्वी झाल्याचे सांगितले जाते, त्या मापांची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. अशी मापे मुख्यतः तीन : डेटा सेंटरचा ऊर्जागुणांक, विजेचा कार्बन-हिशोब आणि उपकरणांच्या आयुष्याविषयीचे दावे. ही तिन्ही मापे खोटी नाहीत. प्रत्येक माप काहीतरी खरे मोजते. परंतु उद्योजकाच्या हाती जे सर्वांत अधिक असते, नेमके तेच ते आपल्या कक्षेबाहेर ठेवते. मापातील यश आणि उद्दिष्टातील यश यांत त्यामुळे अंतर पडते, असा या निबंधाचा प्रतिपाद्य विषय आहे.

२

ऊर्जागुणांक, म्हणजे व्यवहारात ‘पीयूई’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे माप, ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघाने २००७ च्या सुमारास प्रचारात आणले आणि २०१६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप लाभले. त्याची व्याख्या सुटसुटीत आहे. डेटा सेंटरात आलेल्या एकंदर विजेला संगणकयंत्रांनी वापरलेल्या विजेने भागावे. येणारा भागाकार म्हणजे हा गुणांक. तो १ असेल, तर सगळी वीज यंत्रांनाच मिळाली, २ असेल, तर यंत्रांना मिळालेल्या प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट वातानुकूलन, वीजपुरवठ्यातील तूट, दिवाबत्ती इत्यादींवर गेले.

या मापाने केलेले कार्य नाकारणे अन्यायाचे होईल. ‘अपटाइम इन्स्टिट्यूट’च्या सर्वेक्षणांत २००७ साली सरासरी गुणांक २.५ च्या घरात होता. २०१३ पर्यंत तो १.६५ च्या आसपास उतरला. थंड हवेचे आणि गरम हवेचे मार्ग वेगळे ठेवणे, खोलीचे तापमान गरजेपेक्षा कमी न राखणे, यांसारखे साधे उपाय या मापाच्या धाकानेच सर्वत्र पोहोचले. तथापि त्यानंतरच्या दहा वर्षांत हीच सरासरी १.६ च्या जवळपास घुटमळत राहिली, तर गूगलसारख्या मोठ्या संस्था आपल्या केंद्रांसाठी १.१ च्या आसपासचा आकडा देऊ लागल्या. येथवर आल्यावर मापाचा उपयोग सरतो आणि त्याचा दोष दिसू लागतो.

हा दोष गुणोत्तराच्या स्वरूपातच आहे. समजा, एका केंद्रात सर्व्हरांना दरमहा १,००० एकके वीज लागते आणि शीतकरणादी कामांना ५००. एकूण खर्च १,५००, गुणांक १.५. व्यवस्थापकाने निष्क्रिय सर्व्हर शोधून बंद केले व उरलेल्यांवर काम एकवटले. सर्व्हरांचा खर्च ६०० वर आला. शीतकरणाचा खर्च त्याच प्रमाणात उतरत नाही, कारण त्याचा काही भाग स्थिर असतो. तो ४०० झाला असे धरू. एकूण खर्च आता १,०००. म्हणजे एक-तृतीयांश वीज वाचली, पण गुणांक १.५ वरून १.६७ वर चढला! ज्या व्यवस्थापकाची बढती या गुणांकावर ठरते, त्याला या उत्तम कामाबद्दल जाब द्यावा लागेल. उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. खोलीचे तापमान वाढवले की वातानुकूलनाचा खर्च घटतो, पण सर्व्हरांच्या पोटातले पंखे अधिक वेगाने फिरू लागतात. या पंख्यांची वीज ‘संगणकयंत्रांची वीज’ म्हणून छेदात मोजली जात असल्याने गुणांक दोन्ही बाजूंनी सुधारतो. वीज खरोखर किती वाचली, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

सारांश, हे माप यंत्रांपर्यंत वीज किती नीट पोहोचली हे सांगते. त्या विजेतून काम काय झाले, हे सांगत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. गूगलमधील बारोसो व होल्झल या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले होते, की सर्व्हर बहुतेक काळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्के इतक्याच पातळीवर काम करतात आणि त्या वेळचा काटकसरी सर्व्हरदेखील जवळजवळ काही काम नसताना पूर्ण भाराच्या निम्मी वीज घेत असे. यंत्रे पुढे सुधारली. परंतु ‘लागेल कधीतरी’ म्हणून चालू ठेवलेल्या यंत्रांची प्रवृत्ती संस्थांतून गेलेली नाही. घरात कोणी नसताना चुलीवर आधण ठेवावे आणि चूल मात्र धूर न करणारी आहे म्हणून समाधान मानावे, तसा हा प्रकार होतो.

आणखी एक अंग पाण्याचे. बाष्पीभवनावर चालणारे शीतकरण विजेची बचत करते आणि गुणांक सुधारते; ते पाणी मात्र या गुणांकात कोठेच येत नाही. पाण्याचे वेगळे माप ग्रीन ग्रिडनेच २०११ साली सुचवले, पण जाहिरातीत मान मिळाला तो पहिल्यालाच. जेथे मार्च उलटला की टँकरच्या फेऱ्या सुरू होतात, अशा प्रदेशात ही उपेक्षा विशेष महाग पडणारी आहे.

३

गुणोत्तर सुधारले म्हणून एकूण खर्च घटतोच, असे नाही. हा विचार नवा नव्हे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. वाफेचे यंत्र जसजसे काटकसरी होत गेले, तसतसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला, असे त्याचे निरीक्षण होते. स्वस्त झालेली शक्ती नव्या कामांना जुंपली जाते, हे त्यामागील कारण.

संगणनाच्या बाबतीत या सिद्धांताचा उपयोग दोन्ही पक्षांनी उतावीळपणे केला आहे. काहींनी तो अटळ नियम मानला. त्यांना २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मॅसानेट व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने उत्तर मिळाले : २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांतले काम सुमारे ५५० टक्क्यांनी वाढले असूनही त्यांचा वीजवापर अवघ्या ६ टक्क्यांनी वाढला. लहान कचेऱ्यांतील वाया जाणारे सर्व्हर मोठ्या व सुव्यवस्थित केंद्रांत विलीन झाले आणि यंत्रांची कार्यक्षमताही वाढली, हे त्याचे मर्म. जेव्हन्सचा नियम म्हणजे विधिलिखित नव्हे, हे यावरून सिद्ध होते.

परंतु दुसऱ्या पक्षाने या अभ्यासाला कायमचे अभयपत्र समजावे, हेही तितकेच चुकीचे. वाया जाणारे एकदाच वाचवता येते; विलीनीकरण पूर्ण झाल्यावर तो साठा संपतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ साली दिलेल्या अंदाजानुसार डेटा सेंटरांचा वीजवापर २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिटे, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास होता आणि २०३० पर्यंत तो सुमारे ९४५ अब्ज युनिटांवर जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी मागणी हे या वाढीचे प्रमुख कारण होय. तात्पर्य, कार्यक्षमता आणि मागणी यांची शर्यत असते; एका कालखंडात कोण पुढे होते, यावरून पुढच्या कालखंडाचे भाकीत करता येत नाही. ज्या अहवालात केवळ गुणोत्तर असते आणि एकूण आकडा नसतो, तो या शर्यतीतील एकाच धावपटूची वेळ सांगतो.

४

दुसरे माप कार्बनच्या हिशोबाचे. संस्थेने विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे उत्सर्जन कसे मोजावे, याविषयी ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’च्या २०१५ च्या मार्गदर्शिकेने दोन पद्धती मान्य केल्या. पहिली स्थानाधिष्ठित : ज्या विद्युत्‌जालातून वीज आली, त्याच्या सरासरीने हिशोब करावा. दुसरी बाजाराधिष्ठित : संस्थेने केलेल्या वीजखरेदीच्या करारांनुसार व प्रमाणपत्रांनुसार करावा. मार्गदर्शिकेने दोन्ही आकडे देण्यास सांगितले आहे. जाहिरातीत बहुधा दुसराच येतो.

दोहोंतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नवी मुंबईतील एखाद्या काल्पनिक केंद्राला वर्षाला १ कोटी युनिटे लागतात असे मानू. भारतीय जालात एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे स्थानाधिष्ठित हिशोबाने सुमारे ७,००० टन. त्या केंद्राने तितक्याच युनिटांची सौरऊर्जेची प्रमाणपत्रे घेतली, तर बाजाराधिष्ठित हिशोबाने शून्य. दोन्ही आकडे नियमानुसार आहेत. परंतु सूर्य मावळल्यावर ते केंद्र थांबत नाही. रात्रीच्या वेळी जालात जी वीज असते, तीच त्याला मिळते आणि महाराष्ट्रात ती मुख्यतः कोळशाची असते. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राभोवतीच्या वस्तीत राख पडते ती वार्षिक बेरीज-वजाबाकी पाहून पडत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण येथे उलट बाजूने लागू पडते : कागदावर उजाडले म्हणून रात्र सरत नाही.

या आक्षेपाचे सामर्थ्य उद्योगाने स्वतःच मान्य केले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक तासाला कार्बनमुक्त वीज वापरण्याचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट गूगलने २०२० साली जाहीर केले. वार्षिक जुळणी पुरेशी असती, तर तासातासाच्या जुळणीची प्रतिज्ञा करण्याचे कारण नव्हते. अर्थात् प्रमाणपत्रांची खरेदी सर्वस्वी निरर्थक आहे, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. दीर्घ मुदतीच्या करारामुळे नवा सौर वा पवन प्रकल्प उभा राहत असेल, तर त्या कराराला वास्तव मूल्य आहे. आधीच चालू असलेल्या प्रकल्पाचे सुटे प्रमाणपत्र विकत घेण्याने मात्र जालात काहीच बदलत नाही. बदलते ती केवळ नोंद.

विजेखेरीज आणखी एक खाते आहे. इमारतीचे पोलाद व सिमेंट, यंत्रांची निर्मिती, पुरवठादारांचे व्यवहार यांचे उत्सर्जन तिसऱ्या कक्षेत मोडते. मायक्रोसॉफ्टने २०३० पर्यंत कार्बन-ऋण होण्याचा संकल्प २०२० साली सोडला; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात मात्र एकूण उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढल्याची कबुली आहे आणि नव्या केंद्रांचे बांधकाम व यंत्रसामग्री हे त्याचे मुख्य कारण दिले आहे. गूगलच्या त्याच वर्षीच्या अहवालात २०२३ चे उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्क्यांनी अधिक दाखवले आहे. हे आकडे त्या संस्थांनी स्वतः प्रसिद्ध केले, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. सर्वांत कार्यक्षम म्हणून गणल्या गेलेल्या केंद्रांच्या मालकांची ही स्थिती असेल, तर केवळ गुणांकावर भिस्त ठेवणाऱ्यांनी अंतर्मुख होणे आवश्यक आहे.

५

तिसरे माप उपकरणांच्या आयुष्याचे. ‘जुने यंत्र काढा, नवे काटकसरी घ्या’ हा उपदेश हरित संगणनाच्या पुस्तिकांत सर्रास आढळतो. तो काही यंत्रांच्या बाबतीत योग्य आहे, काहींच्या बाबतीत विपरीत. भेद न करता तो सर्वांना लावणे हीच चूक.

पुढील आकडे केवळ युक्तिवादासाठी गृहीत धरले आहेत. एका लॅपटॉपच्या निर्मितीत २४० किलोग्रॅम उत्सर्जन होते असे धरू. तो तीन वर्षे वापरला, तर वर्षाला ८० किलोग्रॅमचा भार पडतो. पाच वर्षे वापरला, तर ४८. फरक ३२ चा. वापरातील वीज पाहू : ३० वॉट, वर्षाला २,००० तास, म्हणजे ६० युनिटे, भारतीय जालात सुमारे ४२ किलोग्रॅम. नव्या यंत्राने यातली एक-चतुर्थांश वाचवली, तरी बचत दहा किलोग्रॅमच्या आसपास. म्हणजे बदलण्यापेक्षा राखणे श्रेयस्कर. याउलट ३०० वॉटचा सर्व्हर अखंड चालतो. त्याची वर्षाची २,६२८ युनिटे म्हणजे सुमारे १,८४० किलोग्रॅम. एका नव्या सर्व्हरने अशा दोन जुन्यांचे काम तेवढ्याच विजेत केले, तर निर्मितीचा भार थोड्याच काळात फिटतो. एवंच, कचेरीतील यंत्र जपावे आणि अखंड चालणारे यंत्र पारखून बदलावे, असा नियम निघतो. आणि जालातील वीज जितकी स्वच्छ होत जाईल, तितके पारडे जपण्याकडे झुकत जाईल.

व्यवहारात बहुधा उलटे घडते. लॅपटॉप तीन-चार वर्षांनी करारानुसार बदलले जातात, कारण त्यांचा घसारा तोवर पूर्ण होतो. निष्क्रिय सर्व्हर मात्र वर्षानुवर्षे चालू राहतात, कारण ते बंद केल्याने काय बिघडेल हे कोणासच ठाऊक नसते. एका निर्णयाची सूत्रे लेखापालाकडे, दुसऱ्याची भीतीकडे. पर्यावरणाचा विचार दोन्हीकडे नंतर येतो.

काढून टाकलेल्या यंत्रांचे पुढे काय होते? २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे सर्किट बोर्ड जाळून वा आम्लात बुडवून धातू काढणाऱ्या कामगारांची स्थिती सर्वविदित आहे. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, मोठ्या ग्राहकसंस्थांवर आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवण्याचे बंधन घातले आहे. हे योग्यच झाले. परंतु ‘शंभर टक्के ई-कचरा अधिकृत संस्थेला दिला’ एवढे अहवालात लिहिल्याने, जे यंत्र आणखी दोन वर्षे चालले असते ते कचऱ्यात का गेले, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. माहिती फुटेल या भयाने चांगल्या चालत्या डिस्क फोडून टाकण्याची रीत रूढ आहे. माहिती खात्रीने पुसण्याच्या मान्य पद्धती उपलब्ध असताना ती रीत समर्थनीय ठरत नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो. सदोष माप हे मापच नसण्यापेक्षा बरे, आणि तुलनेसाठी काहीतरी समान आकडा हवाच. आक्षेप वाजवी आहे. म्हणूनच मापे टाकून द्यावीत, असे येथे सुचवलेले नाही. पण सदोष माप जेव्हा प्रोत्साहनाचे साधन बनते, तेव्हा ते निरुपद्रवी राहत नाही. ते पैशाला व श्रमाला स्वतःच्या दिशेने ओढून नेते.

याचे जवळचे उदाहरण भारतीय अहवालपद्धतीत सापडते. सेबीने २०२१ साली व्यावसायिक उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना अनिवार्य केला. त्यात एकूण ऊर्जावापर द्यावा लागतो, हे त्याचे मोठे बलस्थान. मात्र पहिल्या व दुसऱ्या कक्षेतील उत्सर्जन आवश्यक भागात आणि तिसऱ्या कक्षेतील ऐच्छिक भागात, अशी त्याची मांडणी आहे. आता एखाद्या कंपनीने आपली सर्व्हरची खोली बंद करून तेच काम क्लाउडवर नेले, तर तिची वीज आवश्यक भागातून नाहीशी होते आणि ऐच्छिक भागात, लिहिली तरच, प्रकट होते. काम तेवढेच राहिले. ते दुसऱ्याच्या वहीत गेले. बहुधा मोठ्या केंद्रात ते अधिक काटकसरीने होईलही. पण अहवालात दिसणारी घट या काटकसरीची नसून स्थलांतराची आहे आणि वाचकाला दोहोंतला भेद कळण्याची सोय नाही. उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे ऊर्जा मोजण्याच्या रीतीतही हाच धोका आहे : मालाचे भाव वाढले, तरी गुणोत्तर सुधारते.

तेव्हा मागणी माफक असावी, पण ठाम असावी. संगणनाचा एकूण वीजवापर, स्वतःचा व क्लाउडवरचा, एकत्र द्यावा. गुणांक द्यायचा, तर सर्व्हरांचा प्रत्यक्ष कामात गेलेला वेळही द्यावा. स्थानाधिष्ठित व बाजाराधिष्ठित हे दोन्ही आकडे एकाच ओळीत, सारख्याच अक्षरात छापावेत. पाणी वेगळे दाखवावे. आणि काढून टाकलेल्या यंत्रांचे सरासरी वय नमूद करावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. जी माहिती वीजबिलात, मालमत्तेच्या नोंदवहीत आणि क्लाउडच्या देयकात विखुरलेली आहे, ती एका पानावर आणणे इतकेच यात आहे.

हे काम लेखापालांचे आहे, विद्यापीठांचे नव्हे, असे समजणे बरोबर होणार नाही. वाणिज्य, अर्थशास्त्र व संगणकशास्त्र या शाखांतील जे विद्यार्थी उद्या हे अहवाल लिहिणार व तपासणार आहेत, त्यांना आज अहवाल वाचता आला पाहिजे. कोणताही आकडा समोर आला, की छेदात काय आहे, कोणाची वही वगळली आहे आणि हिशोब वर्षाचा आहे की तासाचा, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर हरित संगणन या शब्दप्रयोगातील पहिल्या पदाला काही अर्थ प्राप्त होईल.